पन्नास टक्के क्षमतेने

गंगापूर धरणावर आज पुन्हा बोटी सोडल्या.
पेखळे साहेबांनी सकाळी नारळ फोडला
आणि खोबऱ्याचे तुकडे
चिमट्याने वाटले.

माझं काम लाइफ जॅकेट धुण्याचं.
एक फेरी आली की सगळी जॅकेटं
हायपोक्लोराइटच्या टबात बुचकळायची,
कठड्यावर वाळत घालायची.
वाऱ्याने ती फुगतात,
आत कुणी असल्यासारखी.

बाराच्या बोटीत सहा माणसं.
मधली जागा सोडा, मी सांगतो,
तर नवराबायको माझ्याकडे बघतात,
अहो, आम्ही एकाच पलंगावरून उठून आलोय.
मी हसतो. मास्कमागे ते पोचत नाही.
डोळ्यांनी कसं हसायचं
हे जहाजावर शिकवलं नव्हतं.

जहाजावर तेरा वर्षं काढली.
सहावा डेक, एकोणीस खोल्या.
टॉवेलचा हत्ती करायचो, हंस करायचो,
माकड करून हँगरला लटकवायचो.
रात्री पाहुणे परतले की बंद दारांआडून
लहान मुलांसारखं किंचाळणं ऐकू यायचं,
सत्तरीच्या माणसांचं.

मग पाहुणे उतरले. आम्ही राहिलो.
कुठलंच बंदर घेईना.
मुंबईसमोर नांगर टाकून चोवीस दिवस.
किनाऱ्याचे दिवे दिसायचे, फोनला रेंज यायची,
सलोमी विचारायची, कुठे आहेस,
मी म्हणायचो, आलोच.
समोरच्या खोलीतला विल्फ्रेड रोज
दाराच्या फटीतून हाक द्यायचा,
जेवलास का रे?
एके दिवशी मला आधी हाक द्यावी लागली.
दोनदा दिली.

काल पत्र आलं, फोनवरच.
कंपनी कळवते की आपण पुन्हा निघतोय.
अर्धेच प्रवासी. तीन रात्री समुद्रात,
कुठल्याही बंदराला न लागता परत.

म्हणजे आम्हाला जे झालं
ते आता तिकीट काढून मिळणार आहे.

पत्र लांबलचक आहे.
दोन डोस. चौदा दिवस हॉटेलात,
जिची खिडकी उघडत नाही अशा खोलीत.
दर तिसऱ्या दिवशी नाकात काडी.
मनगटाला पट्टा,
कुणाजवळ पंधरा मिनिटं थांबलो तर तो लिहून ठेवणार.
बुफेचा डाव पाहुण्याच्या हाती द्यायचा नाही.
आणि अगदी शेवटी, कलम सतरा,
टॉवेलचे प्राणी पुढील सूचनेपर्यंत बंद.

ते कलम मी तीनदा वाचलं.

सलोमीने एकदाच विचारलं, पगाराचं काय लिहिलंय?
पहिल्यापेक्षा कमी आहे. धरणापेक्षा चौपट आहे.
तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला
आणि कणीक मळायला घेतली,
गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

आमच्या गावात पूर मारुतीच्या अंगावर मोजतात.
पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं,
छातीला लागलं की भांडी बाजारातली दुकानं
आपोआप रिकामी होतात.
ओसरलं तेही मारुतीच सांगतो,
शेंदरावर गाळाची रेघ ठेवून.
या वेळी असं कुणी उभं नव्हतं पाण्यात.
ओसरलं म्हणतात. कुणी मोजलं?
पेखळे साहेबांना आदेश आला म्हणून ओसरलं,
कंपनीच्या जाहिरातीत निळं आकाश आहे म्हणून ओसरलं.
शरणपूरच्या दफनभूमीत मात्र अजून
काही क्रूसांवर नुसतीच खडूने नावं आहेत.

दुपारी शेवटच्या फेरीला एक आजी आल्या, एकट्याच.
बोटीत बसल्या, शेजारच्या रिकाम्या जागेवर
पर्स ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली.
तिथे खूण आहे ना, म्हणाल्या.
मी म्हटलं, पर्सला चालतं.
तरी त्यांनी ठेवली नाही.

रात्री एस्तेर टॉवेल घेऊन आली.
पप्पा, हत्ती.
घरचा टॉवेल धुऊन धुऊन विरलेला,
सोंड काही केल्या उभी राहीना.
झोपलाय तो, ती म्हणाली,
आणि त्याला उशीवर ठेवून स्वतः बाजूला सरकली.

उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय.
सकाळी अंघोळीला
हाच टॉवेल लागेल.