सध्याची पद्धत

फॉर्मवर त्यासाठी दोनच ओळी होत्या.
"दोन पुरतात," साहेब म्हणाले,
"रांग आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.
आपल्याला आणायचाय मोबाईलवर नंबर."

मिरजेच्या दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीसमोर
पहिल्या दिवशी मी प्रश्न विचारत फिरले.
काय अडचण येते? किती वेळ जातो?
माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत लोक सांगायचे,
"बरं हाय की. कसली अडचण?"
चौतीस फॉर्म भरले.
चौतीस वेळा बरं हाय.

दुसऱ्या दिवशी ओळखपत्र पिशवीत टाकलं
आणि बाकावर नुसती बसून राहिले.

पहाटे पाचला खिडकी बंद, रांग मात्र लागलेली.
माणसांची नाही, चपलांची.
रबरी, अंगठा तुटून सुतळीनं बांधलेल्या,
लहान पोराचा बूट, एकच,
मध्येच एक वीट, तिच्यावर खडूनं 'आरग',
पाण्याची बाटली, पिशवीत गुंडाळलेला एक्सरे.
माणसं भिंतीकडेला पाय पसरून
अथणीच्या गाडीत राहिलेली झोप पुरी करत.

आणि रोशनबी मुल्ला.
नवऱ्याचं डायलिसिस, मंगळवार-शुक्रवार, चार वर्षं.
कुठली चप्पल कुणाची, तिला तोंडपाठ.
कानडी माणसाला "बर्री, कुंद्री",
खिडकीतल्याला मराठी,
मधली गाठ ती सुपारी कातरता कातरता सोडवते.
पोटुशी बाई आली की काही न बोलता
पायानंच तिची चप्पल पुढं ढकलते.
मागचे बघतात.
कुणी काही म्हणत नाही.

मी वहीत लिहिलं: नियम?
मग खोडलं.

बाळाप्पा हुद्दारांना विचारलं, मोबाईल आहे?
"हाय की. पोराकडं.
पोरगं इचलकरंजीला, मागावर, रातपाळीला."
मनगट पुढं केलं. शाईनं लिहिलेला त्याचा नंबर,
शेवटचे दोन आकडे घामानं गेलेले.
"मेसेज त्येला जाईल.
त्यो उठंल दुपारी."

संध्याकाळी साहेबांचा फोन. झालं का?
म्हटलं, फॉर्मची मागची बाजू कोरी होती,
तीही भरत आलीय.
"अहो, काय लिहिताय एवढं?
तिथं पद्धतच नाही कसली!"

सहाव्या दिवशी चहाला जाताना
माझीही चप्पल ठेवली, सगळ्यांत शेवटी.
फरशी गार होती, बाहेरची खडी टोचत होती.
गाडेवाल्यानं पायांकडं पाहिलं
आणि कप आधी माझ्यापुढं केला.

परत आले तर चप्पल अकराव्या जागी,
डावी उजवीकडं, उजवी डावीकडं,
कुणीतरी घाईत सरकवलेली.

रोशनबी नव्हती.
बुधवार होता.