करंगळीच्या शेजारी

मेसईदला, कंपनीच्या गेटाआत, पोर्टाकॅबिन नंबर सहा.
बाहेर सेहेचाळीस. आत एसीखाली दात वाजतात.
माझं काम: माणूस बदलला की चष्म्याचा स्पंज पुसायचा
आणि माणूस पडू लागला की धरायचा.

चष्मा म्हणतात. आहे डबाच.
डोळ्यांवर चढवला की गालिचा जातो
आणि आभाळात एक फळी उरते, वीतभर रुंद.
मला बाहेरून दिसतं ते एवढंच:
सपाट जमिनीवर मिशीवाले बाप्ये
काठोकाठ भरलेल्या घागरीसारखे
स्वतःला जपून नेताना.
पहिल्या आठवड्यात हसू यायचं.
मग टेकबहादूर रांगला. एक वेल्डर ओकला,
बादली मीच धरली.

खऱ्या चिमणीवर हीच माणसं पाय सोडून बसतात.
"वारा नाय ना रे हमदुले," भुवड म्हणाला,
"वरती वारा कानात सांगतो, कुठं झुकायचं.
हितं सगळं डोळ्यांनीच करायचं."

रघुवीर भुवड. गुहागरकडचा. रिगर, चौदा वर्षं.
फळीच्या मध्यावर थांबून त्यानं खाली पाहिलं.
"खाली माणूसच नाय कोण.
पान्हा सुटला तर हाळी कोणाला देऊ?"
सामेहसाहेबांनी लिहिलं: चार सेकंद, अकारण.

मग तो पुन्हा थांबला.
ह्या वेळी खाली नाही, डाव्या हाताकडे बघत.

डब्यात सगळ्यांना एकच हात मिळतो,
पांढरा हातमोजा, पाची बोटं भरलेला.
भुवडचं एक बोट गेल्या शाबानात साखळीत गेलं.
पुस्तकात त्याला अनामिका म्हणतात.
तो म्हणतो, करंगळीच्या शेजारचं.
तेव्हापासून सुट्टीवर गेला नाही.
फोनवर मुलगी विचारते,
बाबा, टाटा करताना नेहमी उजवाच का?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आला.
"पाच मिनटं दे."
फळी नको, आग नको.
खुर्चीत बसून नुसता हात उलटासुलटा.
मूठ. पंजा. मूठ.
ते बोट एकटं वाकत नाही,
शेजारी वाकला की वाकतं.
"आळशी हाय," म्हणाला, आणि हसला, डब्याखालून.
उजव्या हातानं त्याला धरायला गेला,
तर दोन्ही हात एकमेकांतून आरपार,
चुलीच्या धुरासारखे.

"खाज येते?" मी विचारलं.
"तीच तर पंचाईत. नसलेल्याला रातभर येते.
हितं असलेल्याला नाय."

मग रोजच. पाच मिनिटं.
डोळ्यांभोवती डब्याचा लाल वळ घेऊन
तो ऊन्हात परत जायचा,
पहिली दहा पावलं जमीन चाचपत.

एका रात्री मीही चढवला.
मुद्दाम फळीबाहेर पाऊल टाकलं.
पोटात खड्डा पडला, खराखुरा,
मग काळोख, आणि काळोखात एक बटण:
पुन्हा?

सफरमध्ये नवे डबे आले. वजनाला निम्मे.
त्यांना कॅमेरे आहेत, ज्याचा हात त्यालाच दाखवतात,
घड्याळासकट, मळासकट.
आता अगदी खरं, साहेब म्हणाले, आणि सगळ्यांना चहा.

भुवडनं डावा हात वर केला.
किती वाजले ते बघावं, तेवढाच वेळ बघितला.
डबा उतरवला. स्पंज स्वतःच पुसला,
आजवर कुणी पुसला नव्हता.
"जुना कुठं हाय?"

गेले, म्हटलं. दोहाला. खोक्यात भरून.

एक माझ्या खाटेखाली आहे.
चार्जर साहेबांच्या कपाटात, कुलपात.
बॅटरीच्या दोन रेघा शिल्लक.
दोन रेघांत पाच मिनिटं किती वेळा बसतात
ते मोजतोय. त्याला अजून
सांगितलेलं नाही.