हत्तूचा पाना

बाकीचे दहाजण जांबोटीला पोचलेले,
माझी पद्मिनी पिरनवाडीच्या पुढं
दोनदा खोकली आणि गप्प.
फोन केला. अर्धा चहा टाकून
सगळे मागं फिरले.

एका पंपावर पाच डोकी वाकली.
"डायफ्राम फाटलाय गा," बाबाजान म्हणाला.
इराप्पानं न बघताच हात मागं केला,
"हत्तू."
मी दहाचा पाना ठेवला.
"हन्नेरडू."
बाराचा.
माझं कन्नड पान्यांपुरतं,
त्याचं मराठी शिव्यांपुरतं,
आजवर एक बोल्ट त्यापायी अडला नाही.

मग पेट्रोलची बाटली कॅरिअरला उलटी टांगून
नळी सोडली कार्बोरेटरात.
"सलाईन लावलंय, हळू न्या पेशंटला!"

निघालो उद्यमबागेकडं, पंचवीसच्या वेगानं,
मागं निंगोजीची कॉन्टेसा, चारी दिवे लुकलुकत,
तिच्यामागं कोल्हापूरची जिप्सी,
आणि ती गोव्याची लाल, जिला
पंचवीस म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.
नाक्यावरची पोरं वरात समजून नाचली.

रात्री पेटी आवरताना बघतो,
दहाचा पाना नाही.
इराप्पाच्या खिशात गेला असणार.
असू दे.
रविवारी कुणाचं तरी काहीतरी
बंद पडेलच की.