बाहेर नेऊ नये

एप्रिल. पारा त्रेचाळीसवर.
संदर्भ विभागात पंखा एकच,
तोही खंडांवर फिरतो, माणसांवर नाही.
व्यंकटेशम म्याकल आले यंत्रमागाची पाळी संपवून,
भुवयांत अजून कापसाचे तंतू,
आणि टेबलावर ठेवला
टॉवेलात गुंडाळलेला एक डबा.

जावई बोटीवर आहे, त्यानं पाठवला.
"मॅडम, यात काय आहे ते बघा की."
डब्यावर गुलाबी वडीचं चित्र, शेजारी भात,
आणि अक्षरं अशी, की काड्या नि वर्तुळं घेऊन
कुणी पोर खेळत बसलंय.
सहा महिने फ्रीजवर होता.
बायको त्याच्याकडे पाठ करूनच भाकरी थापायची.

मी आधी 'लिपी' काढलं.
आमचे खंड कडेवर घ्यावे लागतात, भरल्या घागरीसारखे.
तक्त्यात ती वर्तुळं सापडली : कोरियन.
व्यंकटेशम असे हसले,
जणू परगावच्या स्टँडवर गल्लीतलं कुणी भेटलं.

मग 'डबाबंद अन्न'.
तिथून 'पहा : मांस, टिकवण्याच्या पद्धती'.
तिथून 'पहा : कथील'.
'पहा' असं कोशातच लिहितात इतक्या मायेनं,
बाकी सगळ्या खिडक्यांवर 'पाहू' म्हणतात.

वाचत गेलो.
डबा आधी निघाला, तो फोडायचं हत्यार
चाळीस-पन्नास वर्षांनी;
मधली माणसं छिन्नी-हातोडा घेऊन जेवली.
फौजा गेल्या तिथं डबे गेले,
फौजा परतल्या, डबे राहिले,
आता बेटांवर भाताशी तळून खातात
आणि कोरियात सणाला खोक्यात सजवून
पाहुण्याच्या हातात देतात.
"म्हणजे आपली चादर," व्यंकटेशम म्हणाले.

मांस बहुधा डुकराचं, असंही लिहिलं होतं.
ते काही बोलले नाहीत.
डबा टॉवेलात ठेवला. परत काढला.
मग हळूच, नजर कपाटाकडे :
"तुमच्यात... टिकवतात का असं?"

मी 'च'चा खंड उघडला.
चादर होती. पुढं लगेच चाफा होता.
मधे काही नव्हतं.

मिलिंदनगरात आई दोरीवर टाकायची चान्या,
आमच्या शाळेच्या कपड्यांशेजारी.
मीठ, हळद आणि ऊन.
सोलापूरच्या उन्हाला कथील लागत नाही.
कावळे हाकायचं काम माझं,
एका हातात काठी, दुसऱ्यात रद्दीतला शब्दकोश,
पुढची पानं फाटून 'क'पासून सुरू होणारा.
स्वर मला फार उशिरा मिळाले.

मी चिठ्ठी फाडली, शिसपेन्सिलीनं लिहिलं :
चानी (स्त्री.), अनेकवचन चान्या.
उन्हात वाळवलेली मांसाची लांब फोड.
विस्तवावर भाजून, भाकरीशी.
पहा : दोरी.

चादर आणि चाफा यांच्यामधे ठेवली,
तर पंख्यानं उचलली.
व्यंकटेशमनी ती हवेतच पकडली,
सुटलेला धागा पकडावा तशी,
परत जागेवर लावली
आणि तिच्यावर डबा ठेवला.

पाच वाजले. मी किल्ल्या घेतल्या.
"डबा?"
त्यांनी खंडावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं,
एकेक अक्षर जुळवत वाचलं,
आणि रिकामा टॉवेल खांद्यावर टाकून
जिना उतरले.