शंभरच हवेत

डब्यावर लिहिलं होतं : उघडा आणि खेळा.
उघडला. खेळलो.
सलग सहा शुक्रवार हरलो.

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, जिथे पूर्वी बूट शिवून मिळायचे,
त्या गाळ्यात आता ऑस्विन पत्ते विकतो.
म्हणाला, "तयार डेक म्हणजे तयार शिवलेला कोट,
खांद्यात कुणालाच बसत नाही.
यात निम्मी खोगीरभरती आहे. काढ."

म्हणून रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर
सगळे गॉब्लिन मांडले.
माझ्या बोटांना हॅडकचा वास असतो, साबणाला न जुमानणारा,
तेव्हा आधी एकेकाला प्लास्टिकचं कव्हर घातलं,
आमच्याकडे नव्या कामगाराला एप्रन देतात तसं.

एक आपल्याच मशालीनं पेटलेला.
एक टोपलीत बसून स्वतःला उडवून घेणारा.
एकाची चित्रात फक्त पाठ, तीही पळणारी.
लिंबूटिंबू सगळे.
एक मेला की दुसऱ्याला बळ येतं,
चार मेले की समोरच्याचं घर जळतं.
मरणं हीच त्यांची नोकरी
आणि तोंडावर हसू असं, की जणू आजच पगार झालाय.

नियम एकच : शंभर.
नव्याण्णव नाहीत, एकशे एक नाहीत.
ऑस्विनकडून अकरा नवे आणलेत,
म्हणजे अकरा जुने जाणार.

टॅम्झिन तेरा वर्षांची. तिच्याकडे ड्रॅगन आहेत, दयामाया नाही.
"बाबा, हा बघ. पाच डोंगर मागतो
आणि आला की नुसता उभा राहतो. काढ.
हा चांगला आहे, पण उशिरा येतो. काढ.
हा कुणाच्याच उपयोगाचा नाही."
मी म्हटलं, याचं चित्र छान आहे.
ती म्हणाली, "चित्रानं कोण मरतं?"

तिला लिहायला कागद हवा होता.
हाताला लागला तो ओढला.
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं आकडे टाकले, एक ते अकरा,
मग सहज उलटून पाहिलं.

रात्रपाळी, फिले विभाग. कमी करायचे : अकरा.
नावं सोमवारपर्यंत.
खाली माझ्याच अक्षरात
ऐवार्स. रासा. पर्सी ब्लँचर्ड, पुढे प्रश्नचिन्ह.
शेजारी रकाने : वेग, रजा, खर्च.

"हा कुणाचा डेक?" तिनं विचारलं.

मी उठून किटली लावली.
पाणी उकळेपर्यंत पाठ तिच्याकडेच होती.
पर्सीचा उजवा अंगठा वाकत नाही.
एकोणतीस वर्षं बर्फात हात घालून
तो आता उशिरा येणाऱ्या पत्त्यासारखा झालाय.
पण पहाटे चारला, पट्टा अडकला की
कुठे लाथ घालायची हे त्यालाच ठाऊक.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

शुक्रवारी ऑस्विननं डेक मोजला.
"एकशे एक."
माहितीय, म्हटलं.
"मग काढ की एक!"
त्या नुसत्या उभ्या राहणाऱ्याला मी हातात धरलं,
पुन्हा आत सरकवलं,
आणि एक डोंगर काढून दिला.
ऑस्विन खो खो हसला. "गॉब्लिनसाठी डोंगर?
अरे, उपाशी मरशील."

तसंच झालं.
तिसऱ्या डावात चार डोंगरांवर अडकलो.
तो पठ्ठ्या शेवटपर्यंत हातातच राहिला
आणि टॅम्झिनच्या ड्रॅगननं
माझी अख्खी वस्ती न्याहारीला खाल्ली.
"सांगितलं होतं," ती म्हणाली,
आणि पत्ते गोळा करताना
त्या एकाला मात्र सगळ्यांच्या वर ठेवलं.

सोमवारी कागद दिला.
ऑफिसातल्या बाईंनी नावं मोजली. परत मोजली.
पाठीमागची पेन्सिल पाहिली, काही बोलल्या नाहीत.
"दहाच आहेत. अकरावं?"

वरून एखादा डोंगर काढा, मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला.
बाहेर बर्फाचा ट्रक मागे येत होता, पिप् पिप् करत.