मुद्देमाल

गृह विभागात, खिडकीकडे पाठ करून,
अकरा वर्षं मी शौर्य टाइप करते.

शौर्याच्या प्रती लागतात तीन.
घटनेपासून दोन वर्षांच्या आत पोचावं लागतं त्याला,
सोबत पंचनामा, वैद्यकीय दाखला,
वाचलेल्याचा जबाब
आणि पासपोर्ट आकाराचे फोटो,
ज्यांत आजवर कुणीच शूर दिसलेलं नाही.

दारूखान्यातल्या त्या दुपारचे कागद
वेगवेगळ्या वाटांनी गेले.
अग्निशमनचे घाग, सिलिंडर संपेतो शोधत राहिलेले,
त्यांची फाईल वेगळी.
हवालदार खरमाटेबाईंनी बघ्यांना रेटून
ॲम्ब्युलन्सला वाट करून दिली,
त्यांचा प्रस्ताव आयुक्तालयातून.
रात्री नौदलाचा पाणबुड्याही उतरला होता;
त्याचं शौर्य आमच्याकडे येतच नाही,
ते थेट दिल्लीला जातं, इस्त्रीच्या घडीसकट.

माझ्या टेबलावर उरला
लतीफ अब्बास मुकादम, वय एकेचाळीस,
धंदा विंच चालवणे, राहणार कौला बंदर.

मी लिहिलं, जे नेहमी लिहिते:
स्वतःच्या जिवाची पर्वा न करता.
हे चार-पाच शब्द बोटांनाच पाठ आहेत,
मी तेव्हा डब्यात काय आणलंय ते आठवत असते.

सहीला आला. चष्मा विसरला होता,
मीच वाचून दाखवलं.
'हे खोडा, मॅडम,' म्हणाला.
'पर्वा होती.'

मग सांगू लागला, उभ्यानंच:
भंगारात काढलेला बार्ज. टाकीत गाळ खरवडायला
दोघं उतरले ते बोललेच नाहीत परत.
सत्तार, माझा मेहुणा, त्यातला एक त्याचा भाऊ,
तो तसाच घुसला. हाक मारत घुसला.
हाक अर्धीच ऐकू आली.

'मी नाही गेलो.
मी धावलो उलटा, तांडेलाच्या होडीकडे,
रस्सी सोडवली, कमरेला गाठ मारली,
कटरवाल्याच्या कंप्रेसरची नळी आत सोडायला लावली,
वरच्या पोराला सांगितलं, दोन हिसके म्हणजे ओढ.
चार मिनिटं गेली त्यात.
दोनदा अर्ध्यातून वर आलो, श्वास पुरेना.
घाबरलो होतो. लिवा तसं.
तिसऱ्यांदा ते दोघं हाताला लागले.
सत्तार पार तळाला घसरलेला,
भरतीचं पाणी शिरलं,
रात्री निघाला.'

थोडं थांबून:
'जिवाची पर्वा न करता गेला तो सत्तार.
तुमचं वाक्य त्याचं आहे.'

मी नमुना उलटून पाहिला, उगाच.
रकाना नऊ: वाचवलेल्या व्यक्तींची संख्या.
तिथे शून्य लिहून
प्रस्ताव पुढे जात नाही.
आणि ते वाक्य नसेल तर
फाईल शेरा मारून परत येते,
हेही मी त्याला सांगितलं,
खाली बघत.

त्याने सही केली. मुकादममधला द दोनदा गिरवला.
जाताना म्हणाला, 'ती रस्सी तांडेलाची आहे.
ठाण्यात जमा केली. रोज विचारतो तो.
तुमच्या शिक्क्याचं एक पत्र मिळंल?'

दोरी हा आमच्या कक्षाचा विषय नाही.

पदक आलं, पावणेदोन वर्षांनी.
लाल मखमलीची डबी, टाळ्या, गार होत चाललेले बटाटेवडे.
लाउडस्पीकरवर माझं वाक्य आलं तेव्हा
त्याने या पायावरचा भार त्या पायावर घेतला,
बस, तेवढंच.
पहिल्या रांगेत सत्तारची बायको
पोराच्या शर्टाचं बटण लावत होती.

पुढच्या शनिवारी, कुणी सांगितलं नसताना,
मी गेले ठाण्यात.
मालखान्याचं दार, ट्यूबलाइट, उंदरांचा वास.
हवालदाराने टॉर्च मारून दाखवली:
खिळ्याला टांगलेली, मिठाने ताठ झालेली,
आणि एका टोकाला
एका माणसाच्या कमरेएवढं वेटोळं,
कुणी न सोडलेलं.

चिठ्ठीवर पंचनाम्याचं वळणदार अक्षर:
नायलॉन दोर, नग एक,
अंदाजे वीस मीटर,
गाठीसह.