सातवा रकाना

सांग्याच्या कचेरीतून निघालो तेव्हा
पिशवीत फीत, नकाशा, छत्तीस कोरे फॉर्म.
किंदळवाड्यावर पोचलो तेव्हा मोबाईल आंधळा
आणि पोटरीला दोन जळवा.

शाणू वेळीप पडवीत सुपाऱ्या सोलत होता.
विचारलं, हा फणस कोणाचा?
म्हणाला, खोड थोरल्या घराचं.
उगवतीच्या फांद्या माझ्या.
मावळतीच्या बहिणीच्या, तिला काणकोणला दिलीय,
वैशाखात येते, मोजत नाही, नेते.
आणि आपोआप पडलेला?
ज्याला आवाज आला त्याचा.

खालची मळी?
वायंगणाला आमची, आषाढात नदीची.
झरीचा पाट?
मंगळवारी फोंडूचा. बाकीचे दिवस भांडणाचा.
घर?
तो जरा थांबला.
घर तीनदा हललंय, म्हणाला,
एकदा वाळवीमुळे, एकदा हत्तीणरोगाच्या साथीत,
एकदा भावजय बोलेना म्हणून.
चूल मात्र तीच. ती लिहा.

मालकाचं नाव:
सातव्या रकान्यात एका बोटाएवढी जागा.
मी पेन काढलं. परत टोपण लावलं.
तेवढ्यात परसात काहीतरी धप्प पडलं
आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

तुम्हीच मान वळवलीत आधी, म्हणत
शाणूची सून कोयत्याला खोबरेल लावायला लागली.

तो फॉर्म अजून माझ्या खणात आहे.
साहेब दोनदा विचारून गेले.
सातव्या रकान्यावर चीक वाळलाय,
खरवडला तर कागदच निघतो.